एक वाटी भात म्हणजे किती ग्रॅम?

आईंच्या आहाराच्या तक्त्यावर ‘शिजलेला भात १५० ग्रॅम’ लिहिलंय, घरात सगळा हिशेब वाटीचा आणि मोबाइलमधलं ॲप मागतं कप, अशी तुमची अडचण दिसते. आधी सरळ उत्तर देतो. तुमची वाटी १५० मिलीची असेल तर मोकळ्या भाताच्या साधारण दीड वाट्या, मऊ भाताची सव्वा. वाटी सपाट भरायची, शिगोशीग नाही, आणि चमच्याने दाबायचंही नाही.

वाटी किती मिलीची, हे मात्र तोलूनच ठरवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकामी वाटी ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. एकाच मांडणीवरच्या वाट्यांत १२० पासून २०० मिलीपर्यंत फरक निघतो, म्हणून नेटवरचा ‘एक वाटी = अमुक ग्रॅम’ हा आकडा मी कधीच मनावर घेत नाही.

ॲपमधला कप बहुतेक वेळा अमेरिकन, म्हणजे सुमारे २४० मिलीचा. तिकडच्या पोषण-तक्त्यांत लांब दाण्याचा शिजलेला पांढरा भात कपाला १५८ ग्रॅम धरतात, मध्यम दाण्याचा १८६. कप तोच, तांदूळ बदलला की २८ ग्रॅमचा फरक. बासमतीची शितं सुटी राहतात, मधे हवा खेळते. इंद्रायणी किंवा आंबेमोहर चिकटून बसतो, पोकळी कमी उरते. मूद पाडलीत तर आणखी वजन मावतं. त्यातच परदेशात राहणाऱ्यांची वेगळी गंमत: राइस कुकरसोबत मिळणारा कप जपानी मापाचा, १८० मिलीचा असतो. तो अमेरिकन कप समजून हिशेब केला की चौथा हिस्सा चुकलाच.

पण माझ्या मते खरी गोम पाण्यात आहे. कुकरमध्ये घातलेलं पाणी जवळजवळ सगळं भातातच मुरतं. १५० मिलीच्या वाटीत कोरडे तांदूळ साधारण १२० ग्रॅम बसतात. त्याच वाटीने दुप्पट पाणी घातलंत, तर थोडी वाफ वजा जाता ४०० ग्रॅमच्या आसपास भात होईल. अडीचपट घातलंत तर ४८० च्या आसपास. आता आईंच्या ताटातले १५० ग्रॅम बघा: पहिल्या भातात त्यात ४५ ग्रॅम तांदूळ आहेत, दुसऱ्यात ३७-३८. काटा दोन्ही वेळा १५० च दाखवणार, पिष्ट मात्र सारखं नाही. साखरेसाठी पथ्य असेल तर हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

म्हणून मी कोरडे तांदूळ तोलतो. रोजच्या पातेल्याचं रिकामं वजन एकदा लिहून ठेवा. तांदूळ धुण्याआधी तोला, भात झाला की पातेल्यासकट तोला, पातेलं वजा करा. २४० ग्रॅम तांदळाचा ८०० ग्रॅम भात झाला तर दर १०० ग्रॅम भातात ३० ग्रॅम तांदूळ. तांदूळ तोच आणि पाण्याचं माप तेच असेल तर रोज तोलायची गरज नाही. नवा तांदूळ आणला की पुन्हा एकदा करा, कारण जुना तांदूळ जास्त पाणी मागतो.

आहारतज्ज्ञांनाही विचारून घ्या, १५० ग्रॅम सांगताना त्यांच्या डोळ्यासमोर मोकळा भात होता की मऊ. ॲपमध्ये नोंद करताना ‘शिजलेला’ हाच पर्याय निवडा: शिजलेला पांढरा भात १०० ग्रॅमला सुमारे १३० कॅलरी, कोरडे तांदूळ सुमारे ३६०. मसालेभात, खिचडी, दहीभात यांना वरचं काहीच लागू नाही. तिथे पातेल्यात किती तांदूळ घातले आणि त्यातला कितवा हिस्सा ताटात आला, एवढंच बघायचं.