बडोद्यात मकरपुऱ्यातल्या छोट्या कारखान्याने विद्यापीठाबरोबर संशोधन कसं सुरू करावं?

थेट सामंजस्य करारावर जाऊ नका. त्यात काम, मुदत, पैसे बहुधा ठरलेलेच नसतात. आधी एकच अडचण मोजमापांसह एका पानावर लिहा: कुठला भाग, कोणता दोष, शेकडा किती माल बाद. ते पान घेऊन कलाभवनात, म्हणजे सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत, संबंधित विभागप्रमुखांना भेटा. टप्प्यांनुसार पैसे द्या. परीक्षेच्या काळात काम अडतं, म्हणून वेळापत्रक सत्राप्रमाणे आखा. विद्यार्थी नमुना बनवणार असतील तर त्यांना राज्याच्या एसएसआयपी (विद्यार्थी स्टार्टअप आणि नवोपक्रम) धोरणातून मदत मागता येते.

पेटंटची मालकी मात्र काम सुरू होण्याआधीच लेखी हवी. भांडणं इथेच होतात. शोधनिबंध आधी छापला तर नावीन्य जातं आणि पेटंट अडतं. म्हणून आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज, मग १२ महिन्यांत शोधाचा संपूर्ण तपशील.