ट्रेलर ओढताना इंजिन तापलं, म्हणून वॉरंटी नाकारता येते का?

प्रश्न: माझी डिझेल एसयूव्ही वॉरंटीत आहे. होडीचा ट्रेलर जोडून चढ चढताना इंजिन तीनदा तापलं. ट्रेलर नसताना काटा जागचा हलत नाही. सर्व्हिस सेंटर म्हणतं, हेड गॅस्केट (सिलिंडर हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधली सील) गेलं, तुम्ही ट्रेलर ओढलात, त्यामुळे खर्च तुमचा. इंजिन खोलायला सही मागत आहेत. काय करू?

उत्तर: आज सही करू नका. हेड उतरवलं की कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) वाहून जातं, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड पुसले जातात, जुना थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) भंगारात जातो. मग बिघाड कशाने झाला, हे फक्त त्यांच्याच तोंडून ऐकावं लागेल.

आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी ओढण्याची मर्यादा बहुधा वेगवेगळी दिलेली असते. कंपनीनेच क्षमता छापली असेल, तर तेवढं वजन ओढणं हा गैरवापर म्हणता येणार नाही. होडी, तिचं इंजिन आणि सामानासकट ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या. वजन मर्यादेबाहेर निघालं, तर तुमची बाजू खरोखर लंगडी आहे आणि ते आत्ताच कळलेलं बरं. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच आहे, म्हणून त्याचं आरसी जवळ ठेवा.

आता मुख्य मुद्दा. डिझेल जितकं जास्त जळतं, तितकी जास्त उष्णता बाहेर टाकावी लागते. निरोगी कूलिंग सिस्टीम छापलेल्या वजनापर्यंत ते काम करते. ट्रेलर बहुतेक वेळा दोष निर्माण करत नाही, असलेला दोष उघडा पाडतो. म्हणून कधी तापतं ते नीट लिहून द्या. कमी वेगात, चढावर तापत असेल तर संशय विस्कस फॅन क्लचवर (इंजिन तापलं की रेडिएटरचा पंखा जोरात फिरवणारा भाग), कारण तिथे समोरून वारा मिळत नाही. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगातही तापत असेल तर रेडिएटर आतून तुंबला आहे किंवा वॉटर पंप पुरेसं पाणी फिरवत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवरून फिरवला की तुंबलेला भाग थंड दिसतो. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचलेला चिखल समोरून दिसत नाही, तिथे टॉर्च मारून फोटो घ्या. रेडिएटरच्या कॅपची प्रेशर टेस्ट सांगायला विसरू नका. सुमारे 1 बार दाब धरणारी कॅप कूलंटचा उत्कलनबिंदू जवळपास 25 अंश सेल्सियसने वाढवते. ती दाब सोडत असेल तर पाणी लवकर उकळतं.

गॅस्केट हे कारण की परिणाम, हा तुमच्या केसचा गाभा. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय. ब्लॉक टेस्टरमधलं (कूलंटमध्ये जळलेला गॅस आहे का ते दाखवणारं उपकरण) निळं द्रव पिवळसर-हिरवं होणं ही त्याची खूण. गॅस्केट फुटलं हे यातून ठरतं, ते आधी फुटलं की तापल्यामुळे, हे नाही. ते ठरवण्यासाठी फॅन, पंप, थर्मोस्टॅट तपासावेच लागतात.

सर्व्हिस सेंटर आणि कंपनी दोघांनाही लेखी कळवा: वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली नकार देता ते लिहून द्या, फॉल्ट कोड आणि फ्रीझ फ्रेमची प्रिंट द्या, इंजिन माझ्या तज्ज्ञासमोर खोला, काढलेले भाग सीलबंद करून ठेवा. फ्रीझ फ्रेममध्ये कोड आला त्या क्षणाचं तापमान, वेग आणि इंजिनवरचा भार असतो. काटा लाल पट्ट्यात गेल्यावरही तुम्ही गाडी हाकली असेल, तर वकिलापासून लपवू नका. समोरचे पहिलं बोट त्यावरच ठेवतील.

तरीही नकार आला, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019च्या कलम 35 खाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, तुमच्या राहत्या जिल्ह्यातही. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर असते, म्हणून कलम 38(2)(ग) खाली प्रयोगशाळेकडून तपासणीची मागणी तक्रारीतच घाला. तिचं शुल्क तुम्हाला भरावं लागेल. गाडी व्यापारी कामासाठी घेतली असेल, तर तुम्ही 'ग्राहक' नाही असा आक्षेप येतो. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतली असेल तर तो टिकत नाही.

गाडीवाचून अगदीच अडलं, तर पैसे भरून काम करून घ्या. पण जॉब कार्डवर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: 'वॉरंटीचा हक्क राखून, हरकतीसह रक्कम भरत आहे. जुने भाग परत हवेत.' त्याचा फोटो तिथेच काढा.