एनएफएल ड्राफ्ट: पगार खेळाडूचा की क्रमांकाचा?

प्रश्न असा होता: "मुलाच्या नादाने ड्राफ्ट बघायला बसलो. आयपीएलसारखी बोली कुठेच लागत नाही, नुसती नावं पुकारतात. तरी पहिल्या आलेल्या कॅम वॉर्डला ४८ मिलियन डॉलर मिळणार हे लगेच सगळ्यांना ठाऊक. हा आकडा ठरवतं कोण? पोरं घासाघीस का करत नाहीत? आणि फोर्टीनायनर्स टीमचा ब्रॉक पर्डी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळूनही इतकी वर्षं फुटकळ पगारावर का राबला? मुलगा विचारतो, नाव पुकारलंच नाही तर काय?"

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या टीमनी कॉलेजातले नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याचा कार्यक्रम. निवडीच्या एका पाळीला पिक म्हणतात, आणि सगळ्या टीमच्या एकेका पाळीचा मिळून एक राउंड होतो. आकडा खेळाडूचा नसतोच, क्रमांकाचा असतो. ड्राफ्टच्या दिवसाआधीच पहिल्या, दहाव्या, दोनशेव्या जागेला साधारण किती मिळणार हे ठरलेलं असतं. त्या जागी कोण येणार एवढंच बाकी असतं. आपल्याकडच्या सरकारी वेतनश्रेणीसारखा प्रकार आहे: पद मिळालं की पगार लागू, तुम्ही किती हुशार हे कुणी विचारत नाही.

पूर्वी असं नव्हतं. २०१० पर्यंत एजंट आणि टीम यांच्यात खरीखुरी रस्सीखेच चालायची. २००७ मध्ये रेडर्सनी जमार्कस रसेलला पहिला घेतला. तो करारासाठी इतका अडून बसला की सराव शिबिर हुकलंच, सीझनही सुरू झाला, तेव्हा कुठे सही झाली. तीन वर्षांत टीमने त्याला सोडून दिलं, पण हमीचे ३० मिलियनच्या वरचे पैसे तो घेऊन गेला. २०१० चा पहिला सॅम ब्रॅडफर्ड. सहा वर्षं, ७८ मिलियन, त्यातले ५० मिलियन हमीचे. लीगमध्ये एकही पास न टाकलेल्या पोराला! दहा दहा वर्षं हाडं मोडून घेतलेल्या खेळाडूंना हे बघून काय वाटत असेल ते सांगायला नको.

मग २०११ मध्ये मालकांनी टाळेबंदी केली. मार्चपासून जुलैपर्यंत सगळं ठप्प. त्यातून जो सामूहिक करार निघाला त्यात नवख्यांसाठी ही पगाराची शिडी आली. त्या वर्षीचा पहिला कॅम न्यूटन. चार वर्षं, २२ मिलियन. एका वर्षात ७८ वरून २२. हे इतक्या सहज का झालं याचं कारण मला तरी स्पष्ट दिसतं: वाटाघाटीच्या टेबलावर मालक होते आणि युनियनमधले जुने खेळाडू होते. ज्यांचा पगार कापला जात होता ती पोरं कॉलेजात होती, युनियनची सभासदसुद्धा नव्हती. गैरहजर माणसाच्या खिशातून पैसे काढायला दोन्ही बाजू आनंदाने तयार झाल्या. २०२० मध्ये नवा करार झाला, तो २०३० च्या सीझनपर्यंत चालणार आहे, आणि त्यातही ही शिडी तशीच उभी आहे.

आता आकडा कसा बनतो ते. टीमने वर्षाला पगारावर किती खर्च करायचा याची मर्यादा म्हणजे सॅलरी कॅप. त्या कॅपच्या पोटात नवख्यांसाठी एक वेगळी मर्यादा असते आणि तुमच्याकडे कोणकोणते पिक आहेत त्यावरून तुमच्या टीमचा वाटा निघतो. कॅप वर गेली की शिडीही वर सरकते. २०२३ मध्ये कॅप २२४.८ मिलियन होती, पहिल्या आलेल्या ब्राइस यंगला जवळपास ३८ मिलियन मिळाले. २०२५ मध्ये कॅप २७९.२ वर गेली, वॉर्डला ४८.८. वॉर्ड यंगपेक्षा भारी आहे असा याचा अर्थ नाही. तो दोन वर्षं उशिरा आला, इतकंच.

२०२४ चा पहिला केलेब विल्यम्स घेऊन हिशेब करून बघा, कागद-पेन्सिल पुरते. साइनिंग बोनस सुमारे २५.५ मिलियन. हा बोनस कॅपच्या हिशेबात चार वर्षांत सारखा वाटतात, म्हणजे वर्षाला साधारण ६.३८. त्यात त्या वर्षीचा नवख्याचा किमान पगार ७ लाख ९५ हजार डॉलर मिळवा. पहिल्या वर्षाचा कॅपवरचा बोजा झाला सुमारे ७.१८ मिलियन. नियम असा की दर वर्षी हा बोजा पहिल्या वर्षाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. मग चार वर्षांचे आकडे झाले ७.१८, ८.९७, १०.७७ आणि १२.५६. बेरीज करा, साडेएकोणचाळीस मिलियनला अगदी घासून येते, आणि करारही तेवढ्याचाच होता. एजंटने रात्र रात्र जागून मिळवलेलं यात काहीच नाही. पहिल्या वर्षाच्या आकड्याला साडेपाचने गुणलं की पहिल्या राउंडातल्या कुठल्याही पोराचा करार तुम्ही घरबसल्या काढू शकता.

तळाशी मात्र हे गणित चालत नाही, कारण तिथे बोनस जवळजवळ नसतोच. पर्डी २०२२ चा सर्वांत शेवटचा, २६२ वा. त्याचा करार ३७ लाख ३७ हजार ८ डॉलरचा. हा विचित्र आकडा कसा आला? त्या चार वर्षांचे किमान पगार एकाखाली एक मांडा: ७ लाख ५ हजार, ८ लाख ७० हजार, ९ लाख ८५ हजार, ११ लाख. त्यात बोनस ७७ हजार ८ डॉलर. झालं. आणि एक गोष्ट बातम्यांत कधीच नीट येत नाही. यातले हमीचे फक्त ते ७७ हजार. ऑगस्टच्या शेवटी प्रत्येक टीम ९० जणांतून ५३ ठेवते आणि बाकीच्यांना घरी पाठवते. त्या दिवशी पर्डीचं नाव कटलं असतं तर उरलेला सगळा करार कागदावरच राहिला असता. म्हणून कुणी "सातव्या राउंडात जाऊन पोरगा करोडपती झाला" म्हणालं तर सप्टेंबरपर्यंत थांबा म्हणावं.

तर क्रमांकावर दोन गोष्टी ठरतात, रक्कम आणि हमी. माझ्या मते दुसरी जास्त महत्त्वाची. वरच्यांचे सगळे पैसे पक्के, खालच्यांचे जवळजवळ काहीच नाहीत, आणि मधली सीमारेषा नेमकी कुठे हीच सध्याची खरी लढाई आहे. २०२५ मध्ये याची गंमत झाली. टेक्सन्सनी ३४ व्या क्रमांकावरच्या जेडन हिगिन्सला पूर्ण हमी दिली. दुसऱ्या राउंडात असं कधीच झालं नव्हतं. मग ब्राउन्सना ३३ व्याला ती द्यावीच लागली. झालं, दुसऱ्या राउंडातले बाकीचे सगळे हाताची घडी घालून बसले. जुलैत शिबिरं तोंडावर आली तरी तीस जणांची सही नव्हती. शेवटी सेंट्सनी ४० व्या क्रमांकावरच्या आपल्या क्वार्टरबॅकला (चाल रचून पास टाकणारा मुख्य खेळाडू) पूर्ण हमी दिली आणि कोंडी फुटली. तेव्हा घासाघीस होत नाही असं नाही. रकमेवर होत नाही, हमीवर आणि बारीक कलमांवर होते.

बारीक कलमं म्हणजे काय? २०१६ चा तिसरा, जोई बोसा. चार्जर्सशी त्याचं बिनसलं ते बोनस कधी हातात पडणार यावर, आणि टीमने सोडल्यावर दुसरीकडे मिळालेला पगार जुन्या हमीतून वजा होणार की नाही यावर. या दुसऱ्या कलमाला तिकडे 'ऑफसेट' म्हणतात. ऑगस्ट संपत आला तेव्हा सही झाली. बाकी एजंटला करण्यासारखं थोडंच उरलंय. क्वार्टरबॅक लमार जॅक्सनने तर एजंट नेमलाच नाही.

लमारचं नाव आलंच आहे तर ३२ आणि ३३ या दोन आकड्यांकडे बघा, म्हणजे पहिल्या राउंडाचा शेवटचा आणि दुसऱ्याचा पहिला क्रमांक. रकमेत फारसा फरक नसतो. पण पहिल्या राउंडात घेतलेल्या खेळाडूवर टीमला पाचव्या वर्षाचा हक्क असतो, दुसऱ्या राउंडापासून फक्त चार वर्षं. तिसरा सीझन संपल्यावर मे महिन्यात टीमने सांगायचं, पाचवं वर्ष हवं की नको. २०१८ मध्ये रेव्हन्सनी ईगल्सशी सौदा करून पुन्हा पहिल्या राउंडात उडी मारली आणि ३२ व्या क्रमांकावर लमारला उचललं. त्या एका वर्षाची किंमत कळते ती अशी: चार वर्षांचा त्याचा करार जेमतेम साडेनऊ मिलियनचा, आणि एकट्या पाचव्या वर्षाचे २३ मिलियन.

या पाचव्या वर्षात क्रमांकाची सत्ता संपते, हे मला या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत न्याय्य कलम वाटतं. आधी पहिल्या दहांना वेगळा भाव होता. २०२० च्या करारानंतर, म्हणजे २०१८ च्या तुकडीपासून, भाव ठरतो तो मैदानावर किती खेळलात आणि प्रो बोलला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत, निवडले गेलात का यावर. त्यामुळे त्याच तुकडीचा पहिला, बेकर मेफिल्ड, याचं पाचवं वर्ष सुमारे १८.९ मिलियनला गेलं आणि बत्तिसाव्या लमारचं २३ ला. मात्र टीमने एकदा हक्क बजावला की ते पैसे पक्के, दुखापत झाली तरी.

अजून एक विचित्रपणा. शिडी तुम्ही मैदानावर कुठे खेळता हे बघत नाही. २०१८ मध्येच दुसरा सेक्वॉन बार्कली, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), त्याला ३१ मिलियन. सातवा जॉश ॲलन, क्वार्टरबॅक, त्याला २१ च्या आसपास. पाच पायऱ्यांत दहा मिलियन, कारण वरच्या पायऱ्या फार उंच असतात आणि खाली त्या सपाट होत जातात. पण २०२१ मध्ये ॲलनने सहा वर्षांचे २५८ मिलियन घेतले, आणि २०२३ मध्ये बार्कली जायंट्सकडे एका वर्षाच्या करारावर खेळत होता, फार तर ११ मिलियन. म्हणून हुशार टीम वरचा पिक बाजारात महाग असलेल्या जागेवर खर्च करते. रनिंग बॅक दुसऱ्या क्रमांकावर घेतला तर त्याला पहिल्याच दिवशी त्याच्या जागेच्या बाजारभावाने पैसे द्यावे लागतात. क्वार्टरबॅक घेतला तर तो चार वर्षं जवळपास फुकटात मिळतो.

आता पर्डी. त्याने जास्त मागितलं का नाही, तर मागायची सोयच नव्हती. ड्राफ्ट झालेल्या खेळाडूचा करार तिसरा सीझन संपेपर्यंत बदलताच येत नाही. टीमची इच्छा असली तरी नाही! फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये पर्डीचा पगार होता वर्षाला ८ लाख ७० हजार आणि समोर चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्स, दहा वर्षांच्या ४५० मिलियनच्या करारावर. सामना पर्डीच्या टीमने जादा वेळेत २५-२२ असा गमावला. त्याच फोर्टीनायनर्सनी २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकासाठी पहिल्या राउंडाचे तीन पिक देऊन ट्रे लान्सला आणलं होतं, ३४ मिलियन, सगळे हमीचे. तो ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या राउंडाच्या एका पिकच्या बदल्यात डॅलसला गेला. असा फटका बसूनही टीम सुपर बोलपर्यंत गेली, ते क्वार्टरबॅक किमान पगारावर खेळत होता म्हणून. वाचलेले पैसे बाकीच्या जागांवर लावता येतात. सिअॅटलने रसेल विल्सनच्या जिवावर हेच केलं होतं. तिसऱ्या राउंडातला, ७५ वा, दुसऱ्याच वर्षी सुपर बोल जिंकला आणि तिसरं वर्ष संपल्यावर, २०१५ मध्ये, चार वर्षांचे ८७.६ मिलियन घेतले.

खालच्या राउंडातल्यांसाठी एक सवलत आहे: भरपूर खेळलात तर चौथ्या वर्षाचा पगार आपोआप वाढतो. पर्डीचे ११ लाख त्यामुळे ५ मिलियनच्या वर जाणार होते. पण त्याआधीच, मे २०२५ मध्ये, पाच वर्षांचे २६५ मिलियन ठरले.

राहता राहिला तुमच्या मुलाचा प्रश्न, की नाव पुकारलंच नाही तर काय. सातव्या राउंडाच्या शेपटाला निवडलं जाण्यापेक्षा ते कधी कधी बरं असतं, आणि एजंटही हे खाजगीत मान्य करतात. निवडला गेलात तर टीम ठरलेली आणि चार वर्षांची बांधिलकी. नाही निवडलं तर ड्राफ्ट संपताच फोन सुरू होतात, टीम तुम्ही निवडायची, म्हणजे तुमच्या जागेवर जिथे गर्दी कमी असेल तिथे जायचं. करार तीन वर्षांचा आणि दोन वर्षांनी बदलता येतो. दोन-तीन टीम मागे लागल्या तर सातव्या राउंडातल्या शेवटच्यापेक्षा हमीही जास्त मिळते. तुम्ही शोधत होता ती बोली लागते ती इथे, ड्राफ्टमध्ये कुणालाच नको असलेल्या पोरांवर.