मुलाच्या हाती दावा नको

आपल्या पत्रातील गुणांचा मजकूर मी भरभर वाचला, कारण त्यात काळजीचे काहीच नाही. आपला मुलगा भूशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात उत्तम शिकतो आहे. अस्वस्थ केले ते पुढच्या वाक्याने: ‘त्याने पुरातत्त्वाकडे वळावे आणि वादग्रस्त देवस्थानांखाली आपले काय दडले आहे ते सिद्ध करून दाखवावे.’ काय सापडायला हवे हे घरूनच ठरवून दिलेल्या मुलाला उत्खननावर पाठवणे हा त्या विद्येवर आणि त्या मुलावरही अन्याय आहे. उद्या खड्ड्यातून आपल्याला नको असलेले काही निघाले, तर त्याने ते नोंदवहीत लिहायचे की वडिलांची मर्जी राखायची?

आपण दाखला अयोध्येचा दिला आहे आणि ‘उत्खननाने खटल्याचा निकाल लावला’ असे लिहिले आहे. हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशावरून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २००३ मध्ये तेथे उत्खनन केले, आणि त्याच्या अहवालातील स्तंभांचे पाये खरोखर पाये आहेत का, यावर पुरातत्त्वज्ञांमध्येच कडाक्याचा वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात तो अहवाल ग्राह्य धरला आणि मशिदीखाली बाराव्या शतकातील, इस्लामी नसलेली वास्तू होती हे मान्य केले. परंतु ती वास्तू मशिदीसाठी पाडली गेली का याचे उत्तर अहवाल देत नाही, तिच्यात आणि सोळाव्या शतकातील मशिदीत सुमारे चार शतकांचे अंतर आहे आणि जमिनीची मालकी पुरातत्त्वीय निष्कर्षांवर ठरवता येत नाही, हेही त्याच निकालात स्वच्छ लिहिले आहे. निकाल लागला तो ताबा, वहिवाट आणि उपासनेचे पुरावे तोलून. कोणता थर कोणत्या थराखाली आहे आणि तो साधारण किती जुना आहे, हे उत्खनन सांगते. त्या जागेवर आज हक्क कोणाचा, हा प्रश्न वकिलांचा आहे. आपल्याला तोच सोडवायचा असेल, तर घरात वकील हवा होता.

मार्ग विचारलाच आहे म्हणून सांगतो: पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे एम.ए. किंवा पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रेटर नोएडा येथील संस्थेत पदव्युत्तर पदविका. कायम नोकऱ्या मोजक्याच असतात.

पण हा मार्ग त्याने धरावा, असे मला वाटत नाही. पत्राच्या शेवटी, जणू तक्रार म्हणून, आपण लिहिता की तो सुट्टीत गावोगावच्या विहिरींची पाणीपातळी मोजत हिंडतो. अहो, करिअर आपण त्याच ओळीत लिहिले आहे! महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचा असून त्यात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. ते ओळखणाऱ्या भूवैज्ञानिकांची गरज भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला असते, तशीच पाणलोटाचे काम करणाऱ्या संस्थांनाही. त्याने भूशास्त्रात एम.एस्सी. करावे आणि भूजलाचा विषय घ्यावा.

इतिहासाची ओढ आपली स्वतःची आहे. ती खरी असेल, तर आपण मोडी शिका आणि अयोध्येचा तो हजारांहून अधिक पानांचा निकाल वाचायला घ्या. पुढचे पत्र मात्र मुलाला लिहू द्या.