कार्नी आला खरा, पण तुझं घोडं अडेल ते प्रांतात

तुझा मेसेज चार ओळींचा होता. 'दादा, तिकडे कॅनडात निवडणूक होऊन कार्नी पंतप्रधान झाला. आता इमिग्रेशन आणखी आवळणार का? कॉन्झर्व्हेटिव्हांचा पॉलिएव्ह आला असता तर आपल्याला बरं पडलं असतं का? अल्बर्टात यावं की ओंटारिओत? आणि एकटं वाटतं का?' याला उत्तर द्यायला मी तीन आठवडे लावले. कामात होतो असं सांगणार होतो, पण खरं म्हणजे दोनदा लिहून खोडलं.

इमिग्रेशनला गुण किती लागतात, फी किती, आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत किती हवेत, हे सगळं सरकारी साइटवर आहे आणि तुझ्या एजंटपेक्षा नीट लिहिलेलं आहे. तिथेच वाच.

आधी एकटेपणाचं उरकतो. वाटतं. पहिले दोन हिवाळे जास्त वाटतं, मग सवय होते. झालं.

आता नेते. २८ एप्रिल २०२५ ला मतदान झालं. त्याआधी जानेवारीपर्यंत सगळे धरून चालले होते की पॉलिएव्हच येणार. मग तेव्हाचा पंतप्रधान ट्रुडोनं राजीनामा जाहीर केला, तिकडे ट्रम्पनं आयातकर आणि कॅनडाला '५१वं राज्य' म्हणणं सुरू केलं आणि वारं फिरलं. कार्नीच्या लिबरल पक्षाला ३४३ पैकी १६९ जागा, म्हणजे बहुमताला तीन कमी. पॉलिएव्ह राजधानी ओटावाजवळची स्वतःची कार्लटनची जागाच हरला. त्या मतपत्रिकेवर ९१ नावं होती, जवळजवळ मीटरभर लांब कागद. मग आमच्या अल्बर्टा प्रांतातल्या एका खासदारानं त्याच्यासाठी जागा सोडली आणि ऑगस्टमध्ये तो तिथून निवडून आला. एनडीपी पक्षाचा नेता जगमीत सिंगही हरला, पक्ष सात जागांवर आला. क्विबेक प्रांतात टेरबॉन मतदारसंघात तर फेरमोजणीत एका मतानं निकाल लागला. एका मतानं! हे वाचून मी उगाच बराच वेळ बसून राहिलो. का, ते पुढे येईल.

मेच्या पहिल्या शनिवारी इथल्या मराठी मंडळींचं पॉटलक होतं, एकाच्या बेसमेंटमध्ये. साबुदाणा वड्यांचा दुसरा घाणा निघेपर्यंत दोन तट पडले होते. अल्बर्टात ३७ पैकी ३४ जागा कॉन्झर्व्हेटिव्हांच्या, त्यामुळे एका तटाला वाटत होतं की आपलं मत ओटावात कुणी मोजतच नाही. दुसरे म्हणत होते, कार्नी एडमंटनमध्येच वाढलाय, तो काय परका आहे? (पॉलिएव्ह जन्मानं कॅल्गरीचा. म्हणजे दोघेही आमचेच, आणि दोघांची उमेदवारी ओटावात.) तेवढ्यात कुणीतरी कॅनडातून फुटून वेगळ्या अल्बर्टाचा विषय काढला. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, डॅनिएल स्मिथ यांच्या सरकारनं जनमत मागण्यासाठी लागणाऱ्या सह्यांची अट खाली आणणारं विधेयक मांडलं होतं. नागपूरचा एक जण डिशमध्ये चटणी वाढून घेत म्हणाला, 'वेगळं मागायचं कसं ते आम्हाला विचारा, आमचा अनुभव जुना आहे.' सगळे हसले. त्या बेसमेंटमध्ये सगळ्यात मोठ्यानं बोलत होतो मी. पॉलिएव्हचं कुठे चुकलं, समीकरण निधीत (केंद्र गरीब प्रांतांना देतं तो पैसा) अल्बर्टावर कसा अन्याय होतो, सगळं मला तोंडपाठ. त्या निधीवर इथे २०२१ मध्ये जनमत झालं, ६२ टक्क्यांच्या आसपास लोकांनी तो घटनेतून काढा म्हटलं, आणि काहीही झालं नाही, कारण घटना एका प्रांताच्या म्हणण्यानं बदलत नाही. हेही मी सांगितलं. घरी येताना गाडीत बायको एवढंच म्हणाली, 'तू कुणाला मत दिलंस रे?'

मी अजून नागरिक नाही. मला मत नाही. ती आणि मुलगी २०२२ मध्ये नागरिक झाल्या.

तर तुझा प्रश्न. आवळायला सुरुवात ट्रुडोच्याच काळात, ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. २०२५ साठी ५ लाख लोकांना कायमचं घ्यायचं लक्ष्य होतं, ते ३ लाख ९५ हजारांवर आणलं. प्रांतांचा कोटा एका झटक्यात निम्मा. अल्बर्टाला आदल्या वर्षी ९,७५० लोक निवडता आले होते, २०२५ च्या सुरुवातीला हातात आले ४,८७५. आणि मार्चपासून नोकरीच्या ऑफरचे वेगळे गुणही गेले. पॉलिएव्ह याहून कमीच लोक घ्यायचं म्हणत होता. तेव्हा नेत्यांची तुलना करून तुझ्या फाइलमध्ये फार फरक पडेल असं मला वाटत नाही. प्रांतानं निवडलं तर ६०० गुण मिळतात, ते मात्र आजही आहे. क्विबेकचा मामला वेगळा, ते आपली माणसं स्वतःच निवडतात आणि फ्रेंच मागतात.

पण तू ज्या माणसाची चौकशी करतोयस तो तुला विमानातून उतरवून घेतो आणि तिथून पुढे जवळजवळ नाहीसा होतो. इस्पितळ, शाळा, परवाने, घरभाड्याचे नियम, गाडीचं लायसन्स, जमिनीखालचं तेल, सगळं प्रांताचं. हे बहुतेक १८६७ च्या घटनेतच वाटून दिलंय. इथे केंद्रात शिक्षण खातंच नाही. आपल्याकडे मंत्रिमंडळाची यादीसुद्धा दिल्लीला जाऊन येते, म्हणून आपण सवयीनं दिल्लीकडे बघतो आणि इथे आलो की ओटावाकडे. मीही बघितलं. २०१६ मध्ये यायच्या आधी ट्रुडोची भाषणं ऐकत होतो. अल्बर्टात तेव्हा सरकार कुणाचं होतं, हे मला इथे उतरल्यावर कळलं.

बायको फिजिओथेरपिस्ट. सांगलीत स्वतःचं क्लिनिक होतं, सकाळी सहाला पेशंट यायचे. इथे परवाना देणारी संस्था प्रांताची. त्याआधी पदवीचं मूल्यांकन, आणि त्यासाठी विद्यापीठानं गुणपत्रकं थेट पाठवायची, पाकिटावर शिक्का, सही, चिकटपट्टीवरून आरपार. पहिलं पाकीट सात महिन्यांनी आलं. शिक्का पाकिटाच्या तोंडावर हवा होता, त्यांनी पत्त्याशेजारी मारला. नामंजूर. मग माझा भाऊ तिथे जाऊन बसला, चार चकरा मारल्या. साहेब जेवायला गेलेत, साहेब परीक्षेच्या ड्युटीवर, साहेबांची बदली. दुसरं पाकीट बरोबर आलं, तर त्यात प्रत्येक विषयाचे तास नव्हते. प्रात्यक्षिकाचे किती, थिअरीचे किती. ज्या कॉलेजातून ती शिकली तिथे तो जुना अभ्यासक्रम कुणाकडे शिल्लक नव्हता.

मी इथल्या खासदाराला लिहिलं. उत्तर फार नम्र आलं: हा प्रांताचा विषय आहे. प्रांताच्या आमदाराला लिहिलं. तेही नम्र: परवाना देणारी संस्था स्वायत्त आहे. ही दोन पत्रं मी अजून ठेवली आहेत, एकाच फोल्डरमध्ये. २०२० पासून इथे कायदा आहे की पूर्ण अर्ज हाती आल्यावर सहा महिन्यांत अंतरिम निर्णय द्यायचा. छान कायदा आहे. मेख 'पूर्ण' या शब्दात. आणि तो आला तोवर तिनं नाद सोडला होता. आज ती एका क्लिनिकमध्ये सहायक आहे. दुसरी कुणीतरी, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पेशंटला काय करायचं ते ठरवते, आणि ही ते करून घेते. ती याबद्दल बोलत नाही. मीच बोलतो, आणि तेही बेसमेंटमध्ये, नेत्यांना शिव्या देऊन.

तुझी बायको शिक्षिका आहे ना? मग निघायच्या आधी तिची गुणपत्रकं, विषयांचे तास, बी.एड.च्या सरावपाठांचा दाखला, हे सगळं विद्यापीठात स्वतः उभं राहून करून घे. दोनदोन संच. अभ्यासक्रमाची छापील पुस्तिका मिळाली तर सोन्यासारखी जप. तिकीट नंतर काढ.

आता शाळा. तुझा मुलगा सातचा, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. नाहीतर लिहिलं नसतं.

आम्ही नोव्हेंबर २०१६ मध्ये आलो तेव्हा मुलगी तिसरीत होती. वयानुसार इथेही तिसरीतच घातली. नाव नोंदवायच्या फॉर्मवर रकाना होता: घरी कोणती भाषा बोलता? मी अभिमानानं लिहिलं, मराठी. पोर इंग्रजी माध्यमात शिकलेली, फडाफडा वाचायची. पण त्या एका शब्दावर तिची नोंद 'इंग्रजी शिकणारी' अशी झाली. अशा मुलांमागे शाळेला प्रांताकडून जादा पैसे मिळतात, हे मला पुढे कळलं. रोज एक तास तिला वर्गातून उठवून दुसऱ्या खोलीत नेत. तिथे चित्रं दाखवून 'हे सफरचंद', 'ही खिडकी'. तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलंय. मी दोनदा शाळेत गेलो, माझं इंग्रजी तिच्याहून वाईट, बाईंनी हसून मान हलवली. नोंद निघाली ती सहावीत.

दुसऱ्या वर्षी एका रात्री जेवताना ती म्हणाली, 'बाबा, आपण घरी इंग्लिश बोललो तर तो फॉर्म बदलता येईल?' आम्ही गप्प बसलो. ती मात्र त्या दिवसापासून बोलायचीच थांबली. मराठी कळते, सगळी कळते, उत्तर इंग्रजीत. आज्जीशी फोनवर 'हो' आणि 'बरं'. इकडे रात्र तिकडे सकाळ, हिवाळ्यात साडेबारा तासांचं अंतर, आणि आई विचारते, 'पोरगी रागावलीय का माझ्यावर?'

यात कार्नी नाही, पॉलिएव्ह नाही. एक प्रांताचा फॉर्म आहे आणि त्यावर माझं अक्षर.

पुढे ती बारावीत गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रांतातले ५१ हजार शिक्षक संपावर गेले, ६ तारखेपासून. वर्गात किती पोरं कोंबायची हा त्यांचा मुख्य मुद्दा, आणि तो खोटा नाही. तीन आठवडे ती घरी बसून होती. शेवटी सरकारनं रातोरात कायदा करून संप मोडला आणि त्यात घटनेचं कलम ३३ लावलं. म्हणजे काही मूलभूत हक्कांच्या आधारे कोर्टानं कायदा रद्द करायचा रस्ताच बंद, एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी. प्रांताला एवढा अधिकार आहे. क्विबेक तो धार्मिक पेहरावाच्या कायद्यासाठी वापरतं, आमच्याकडे मास्तरांवर वापरला. मुलगी चिडून पुठ्ठ्यावर घोषणा लिहून निदर्शनाला गेली. पुढची प्रांताची निवडणूक ऑक्टोबर २०२७ मध्ये, तेव्हा तिला मत असेल. घरात दोन मतं, आणि मी त्यांना गाडीतून केंद्रावर सोडणारा.

मी नागरिकत्व का घेत नाही हे तू विचारलं नाहीस, पण सगळे विचारतात. मी सांगतो की भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो आणि तासगावला वडिलांची द्राक्षबाग आहे. ऐकणारा मान डोलावतो. वारसानं आलेली शेतजमीन ओसीआयवाल्यालाही (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला मिळणारं कार्ड) ठेवता येते. विकत घेता येत नाही एवढंच. हे मला २०२१ पासून माहीत आहे. परीक्षा वीस प्रश्नांची, पंधरा बरोबर आले की पास, आणि त्यातले प्रांतांच्या अधिकारांवरचे प्रश्न मी झोपेत सोडवीन. अर्ज अर्धा भरून पडलाय. 

अल्बर्टा की ओंटारिओ? अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही, थंडी कोरडी, तेलाचा भाव पडला की नोकऱ्या पडतात. ओंटारिओत आपली माणसं जास्त, घरं महाग. तुझ्या बायकोच्या परवान्याचं जिथे लवकर होईल तिथे जा. नेता कोण आहे ते नंतर बघ.

आणि शाळेच्या फॉर्मवर तो रकाना तुलाही भरावा लागेल. तिथे काय लिहायचं ते मात्र मला विचारू नकोस.