पावती फाडली, पण माणूस कुठं लिहिला?

प्रश्न: ताई नमस्कार, मी कोल्हापुरात एका ट्रस्टच्या विनाअनुदानित शाळेत ऑफिसला आहे, आधी फक्त फी बघायचे, आता जुने हेडक्लार्क भाऊ रिटायर झाले आणि देणगीचं सगळं माझ्या गळ्यात आलंय. भाऊंना सगळं तोंडपाठ होतं, कोण कुणाचा जावई, कुणाला फोन करायचा, कुणाला नाही. लिहिलेलं काहीच नाही. २०१९ च्या पुरात खालचं कपाट बुडालं, जुन्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे फुगून बसलेत. आता माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला, तिथं क्यूआर कोड लावलेला, पैसे भरपूर आले पण कुणाचे कोणते ते कळत नाही. त्यात मागच्या वर्षीच्या एका देणगीदारांचा फोन, की तुमची पावती माझा सीए घेत नाही. आम्ही तर पावती दिलेली, शिक्क्यासकट! कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: आधी त्या फोनवाल्यांचं बघू, ते चिडलेत म्हणून. त्यांचा सीए बरोबर बोलतोय. २०२१-२२ पासून ८०जी साठी (म्हणजे देणगीदाराला देणगीवर मिळणाऱ्या आयकर सवलतीसाठी) शाळेची पावती पुरत नाही, शाळेने वर्षभराच्या देणग्यांचा १०बीडी फॉर्म आयकर पोर्टलवर भरायचा आणि त्यातून निघणारं १०बीई सर्टिफिकेट देणगीदाराला द्यायचं. दोन्हीची शेवटची तारीख ३१ मे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये लेट फी, वर दंड वेगळा. पोर्टलवर बघा, फॉर्म भरलाय पण ह्यांचं नाव राहिलंय किंवा पॅन चुकलाय असं असेल तर दुरुस्तीचा फॉर्म भरता येतो. मुळात भरलाच नसेल तर आजच सीएंकडं जा, उद्या नको. (नंबर मी १९६१ च्या कायद्यातले लिहितेय. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून आहे, तिथून पुढच्या देणग्यांचे फॉर्म आणि कलमं त्यांनाच विचारा.)

आता रजिस्टर. तुमची अडचण पैशांची नाही ओ, माणसांची आहे. आपल्याकडं पावतीपुस्तक म्हणजे तालमीच्या वर्गणीसारखं चालतं, नाव विचारलं, रक्कम टाकली, फाडली, झालं. एकच माणूस एकदा एस. बी. पाटील, एकदा पाटीलसाहेब शिरोली आणि एकदा बायकोच्या नावाने. आणि कोल्हापुरात पाटील किती ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून एक माणूस, एक नंबर. साधी एक्सेल शीट चालते, महागडं सॉफ्टवेअर आधी घेऊ नका, घाणच भरायची तर ती फुकटच्या शीटमध्ये भरलेली बरी. पॅनवरचं पूर्ण नाव, पत्ता, मोबाईल, पॅन (नसेल तर १०बीडीत आधारही चालतं), कोणत्या बॅचचे, कुणाच्या ओळखीने आले. देणग्यांची शीट वेगळी आणि तिथं नावाऐवजी हा नंबर. तारीख, रक्कम, कसे आले, यूटीआर (बँकेच्या व्यवहाराचा नंबर) किंवा चेक नंबर, पावती नंबर, कशासाठी दिले. हे "कशासाठी" कधी सोडू नका. कुणी प्रयोगशाळेसाठी दिले आणि तुम्ही पगाराला वापरले तर तो माणूस परत दारात उभा राहणार नाही. कायम निधीसाठी देत असतील तर तसं त्यांच्या सहीचं पत्र घ्या आणि ते पैसे वेगळे गुंतवा, नंतर आपल्या मनाने "कॉर्पस" असं लिहून चालत नाही. महिन्याच्या शेवटी ही शीट, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि बँक स्टेटमेंट तिन्हीची बेरीज जुळली पाहिजे. नाही जुळली तर त्याच महिन्यात शोधा, मार्चमध्ये काही आठवत नाही.

शेवटी एक रकाना शेऱ्याचा. हा भाऊंचा रकाना समजा. पेढ्यांचा बॉक्स घेऊन त्यांच्या घरी जा, दोन दुपारी बसा आणि नावं वाचत जा, ते बोलतील तसं लिहा. "ह्यांचा आज्जा शाहू महाराजांच्या बोर्डिंगात राहून शिकला, म्हणून दर जूनला देतात." "ह्यांना फोन नको, पत्र पाठवा." "हे वारले, आता मुलगी देते." हे शेवटचं मी मुद्दाम लिहितेय. मी शाळेच्या ऑफिसात असताना लेबलं छापून तीनशे पत्रं पाठवली होती, त्यातलं एक आधीच्या वर्षी वारलेल्या गुरुजींच्या नावाने, "आपल्या उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा" असं लिहिलेलं. त्यांच्या पत्नी ते पत्र हातात घेऊन ऑफिसात आल्या. काही बोलल्या नाहीत, टेबलावर ठेवलं आणि गेल्या. यादी तपासायची माझीच होती.

शेऱ्यात मात्र चहाटळपणा नको. घरची भांडणं, आजारपणं, कर्ज असलं काही लिहू नका. त्या माणसाने स्वतः ती ओळ वाचली तर चालेल का, एवढं विचारून लिहा. आणि पॅन-आधारचे फोटो कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात नकोत.

क्यूआरचे पैसे: बँकेकडून नाव आणि यूटीआर असलेलं स्टेटमेंट घ्या, मग मेळाव्याच्या ग्रुपवर मेसेज टाका की ज्यांनी पैसे पाठवलेत त्यांनी यूटीआरसकट पर्सनलवर माहिती पाठवा. बरेचसे जुळतील. पुढच्या वेळी क्यूआरशेजारी एक पोरगं फॉर्म घेऊन बसवा. नाव-पत्ता नसलेली देणगी कायद्याने निनावी धरली जाते आणि तुमच्यासारख्या ट्रस्टला एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, ह्यातलं जे जास्त असेल त्याच्यावरच्या निनावी रकमेवर ३० टक्के टॅक्स आहे. इथं आपल्याकडं एक घोळ हमखास होतो, "माझं गुप्तदान आहे, नाव लिहू नका" म्हणणारे. त्यांना सांगायचं, काका, फलकावर लिहीत नाही, मेळाव्यात माईकवर घेत नाही, पण रजिस्टरात घेतेय. ऐकतात.

रोख रक्कम २००० च्या वर गेली की त्यांना ८०जी मिळत नाही, तर ५००० चे तुकडे करून तीन पावत्या करा म्हणणारे भेटतील. करू नका. यूपीआय करा म्हणा. नव्या टॅक्स पद्धतीत असलेल्यांना ८०जी ची सूट तशीही नाही, बेंच किंवा कॉम्प्युटर वस्तूरूपात दिले तरी नाही, म्हणून "टॅक्स वाचेल" हे वाक्य जरा जपून वापरा.

फुगलेली पावतीपुस्तकं टाकू नका. पानांमध्ये कागद घालून सावलीत वाळवा, जेवढ्या स्थळप्रती वाचता येतात तेवढ्यांचे मोबाईलवर फोटो काढा. टाकायचं-ठेवायचं सीए आणि विश्वस्तांना ठरवू दे. आणि नवं कपाट वरच्या मजल्यावर, पंचगंगा काय सांगून येत नाही.

प्रश्न: आमचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेत आहे, त्याला शाळेला डॉलर पाठवायचेत. थेट खात्यावर घेऊ का?
— एक मुख्याध्यापक, इचलकरंजी

उत्तर: सर, त्याचा पासपोर्ट कुठला ते आधी विचारा. भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, पासपोर्टची कॉपी फाईलला लावा. अमेरिकन पासपोर्ट झाला असेल तर ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी तो परदेशी स्रोत, मग एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा आधी परवानगी नसेल तर एक डॉलरसुद्धा घेऊ नका. नोंदणी असली तरी पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. "ओळखीच्या संस्थेच्या खात्यातून फिरवून घेऊ" हा रस्ता २०२० च्या दुरुस्तीने बंद झालाय.

प्रश्न: संचालक म्हणतात ॲडमिशनच्या वेळीच पालकांकडून इमारत निधी घेऊ, पालक तेव्हा नाही म्हणत नाहीत.
— नाव नको, शाहूपुरी

उत्तर: नाही म्हणत नाहीत म्हणूनच ती देणगी नव्हे. प्रवेशासाठी फीवर घेतलेले पैसे, म्हणजे कॅपिटेशन फी, बंद करणारा राज्याचा १९८७ चा कायदा आहे, वर आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम १३ मध्ये घेतलेल्या रकमेच्या दहापट दंड होऊ शकतो. ऐच्छिक असं छापलं तरी ॲडमिशनशी जोडलं की संपलं. ॲडमिशनच्या खिडकीवरून देणगीचं पावतीपुस्तक उचला आणि आतल्या कपाटात ठेवा, किल्ली दुसऱ्या कुणाकडं.