दोन महिन्यांचं पिल्लू घरात आलंय, शिकवायला सुरुवात कधी आणि कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की गेल्या आठवड्यात गावठी कुत्र्याचं पिल्लू आणलं, आता ते दोन महिन्यांचं आहे. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, तुम्ही दोघं नोकरीला, घरी सासरे आणि नऊ वर्षांचा मुलगा. पिल्लू कुठंही शू करतं, हातापायांना चावतं, रात्रभर रडतं. सासरे म्हणतात शूमध्ये नाक घासा म्हणजे कळेल. आणि ट्रेनर म्हणाला, सहा महिन्यांचं झालं की आणा, तोवर काही शिकवू नका.

ते सहा महिन्यांचं तेवढं कृपा करून ऐकू नका. बाकीच्या चुका नंतर निस्तरता येतात, ही येत नाही. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला जे जे भेटतं ते त्याला आपल्या जगाचा भाग वाटतं. लिफ्टचं दार, कुकरची शिट्टी, उघडलेली छत्री, हेल्मेट घातलेला पार्सलवाला, काठी टेकत येणारे आजोबा, रडणारं तान्हं बाळ. हा काळ सरला की नव्या गोष्टीची आधी भीती वाटते, आणि घाबरलेला कुत्राच पुढे भुंकतो आणि चावतो. तुमच्या हातात अजून महिना-दीड महिना आहे.

पण इथेच खरी अडचण आहे. लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी देत सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. म्हणजे जग दाखवायची वेळ आधी संपते आणि लसी नंतर पुऱ्या होतात. डॉक्टर सांगतात खाली उतरवू नका, ते अगदी बरोबर सांगतात. आमची आत्ताची कुत्री चिमी, तिच्या आधी आमच्याकडे खंड्या होता. पहिली लस राहिलेली, आणि मी त्याला सोसायटीच्या बागेत मातीत खेळायला सोडायचे. चौथ्या दिवशी त्यानं खाणं सोडलं, मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब. पार्व्हो. सलाईन लावून तीन रात्री बसलो, तो वाचला नाही. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, चपलांना चिकटून घरात येतो, आणि साध्या फिनेलनं मरत नाही. फरशीला पातळ केलेलं ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी. म्हणून चपला दाराबाहेर काढा आणि बाहेरून आलात की हात धुतल्याशिवाय पिल्लाला घेऊ नका.

मग जग दाखवायचं कसं? कडेवर घेऊन. चिमी आली तेव्हा मी जुन्या ओढणीची झोळी केली आणि रोज संध्याकाळी तिला घेऊन फिरले. भाजी मंडईच्या तोंडाशी दहा मिनिटं, शाळा सुटताना फाटकाजवळ, एसटी स्टँडवर. पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, अनोळखी कुत्र्याला हुंगू द्यायचं नाही. पिल्लू दचकलं तर तिथून थोडं लांब जायचं, तोंडात खाऊचा बारीक तुकडा द्यायचा, आणि कान सैल पडले की परत फिरायचं. ओढून जवळ न्यायचं नाही. दिवाळी अजून लांब असेल तर मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून जेवण वाढायला आत्ताच सुरुवात करा आणि काही आठवड्यांत आवाज चढवत न्या.

याच काळातलं दुसरं काम म्हणजे हाताळणं. रोज पाच मिनिटं पंजे दाबून बघा, नखं हातात घ्या, कान उघडा, ओठ वर करून दात बघा, पोटाखाली हात घालून उचला आणि ठेवा. प्रत्येक वेळी काहीतरी चविष्ट द्या. तुम्हीच नाही, सासऱ्यांनीही करावं, मुलानंही, शेजारच्या काकूंनीही. याचा उपयोग मला पुरात कळला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि शामरावनगरमधलं आमचं घर पाण्यात होतं. बोट जिन्याला लागली तेव्हा अंधार पडत आला होता. बोटीतल्या मुलानं हात पुढे केले. चिमी त्याला आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. मी तिला वरून सोडलं, त्यानं पोटाखालून धरलं, आणि ती अंगाचं मुटकुळं करून त्याच्या पायाशी बसली. थरथरत होती, पण दात दाखवले नाहीत की उडी मारली नाही. तेव्हा ती वर्षाची होती. शेजारचा मोठा कुत्रा कुणालाच हात लावू देईना, त्याला आणायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. त्या कुत्र्याची काही चूक नव्हती, त्याला लहानपणी घरातल्या एका माणसाशिवाय कुणी उचललंच नव्हतं.

आता शू. नाक घासून पिल्लू एकच गोष्ट शिकतं, की माणसासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं, आणि तुम्ही खाली नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला जास्तीत जास्त दोन-तीन तास धरवतं; वयाचे महिने अधिक एक, इतके तास असा ढोबळ हिशेब. उठल्या उठल्या, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि झोपायच्या आधी, या वेळा ठरलेल्या. सासरे दिवसभर घरी आहेत ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. त्यांना एक वही द्या: कधी खाल्लं, कधी झोपलं, कधी शू केली. चार दिवसांत त्यांना पिल्लाचं वेळापत्रक तोंडपाठ होईल, आणि नाक घासायचा विषय आपोआप मागे पडेल. लसी होईपर्यंत गॅलरीत एक पसरट ट्रे, त्यात वर्तमानपत्रावर थोडी माती किंवा गवताचा तुकडा ठेवा (माती नर्सरीतल्या बंद पिशवीतली, खालची नको). तिथं उभं करून एकच शब्द म्हणा, आम्ही ‘शू कर’ म्हणायचो. झाली की त्याच क्षणी खाऊ. घरात आल्यावर दिला तर तो घरात आल्याबद्दल मिळाला असं त्याला वाटतं. चुकीच्या जागी झाली तर न बोलता पुसा आणि तिथं पाणी मिसळलेलं व्हिनेगर फिरवा, कारण वास राहिला की पिल्लू परत तिथंच जातं.

चावण्याबद्दल काळजी करू नका, पण दुर्लक्षही नको. पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात, सुईसारखे. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के बेचाळीस येतात. मला चिमीचा एक दात पायपुसण्यात सापडला होता, तांदळाच्या कणीएवढा, टोकाला लालसर. तो अजून डबीत आहे. या काळात हिरड्या शिवशिवतात, त्यामुळे चावायला काहीतरी लागणारच. जुना रुमाल ओला करून पीळ द्या, फ्रीजरमध्ये ठेवा आणि कडक झाला की तुमच्या नजरेसमोर द्या. हाताला चावलं की खेळ तिथंच थांबवा, हात छातीशी घ्या, तोंड फिरवा, अर्ध्या मिनिटानं परत खेळा. भावंडंही एकमेकांना असंच शिकवतात, जोरात चावलं की समोरचं किंचाळून खेळ सोडतं. मुलाला विशेष सांगा, की पिल्लू मागे लागलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं. पळणारे पाय हा पिल्लाला सगळ्यात आवडता खेळ वाटतो. आणि पिल्लू खात किंवा झोपलेलं असताना मुलानं त्याला हात लावायचा नाही, हा नियम आजपासून करा.

रात्रीचं रडणं सोपं आहे. आठ दिवसांपूर्वी ते आई-भावंडांच्या उबेत झोपत होतं. त्याला हॉलमध्ये एकटं ठेवू नका, पलंगाशेजारी खोक्यात तुमचा वापरलेला कॉटनचा टी-शर्ट घालून झोपवा आणि हात खाली सोडा. कुरकुरलं तर बोटं हुंगू द्या. रात्री एकदा गजर लावून शूला न्या. एकदा शांत झोपायला लागलं की खोकं रोज थोडं थोडं दाराकडे सरकवता येतं.

‘त्याला दाखवा मालक कोण आहे’ असं तुम्हाला दहा जण सांगतील. पिल्लाला पाठीवर पाडून दाबून धरा, आधी तुम्ही जेवा, दारातून आधी तुम्ही जा. या कल्पना कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आल्या. डेव्हिड मेच या ज्या शास्त्रज्ञाच्या १९७० च्या पुस्तकामुळे ‘अल्फा’ लांडगा जगभर गाजला, त्यांनीच पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ मध्ये लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. मारून, दाबून कुत्रा गप्प होतो, पण आतून तो सावध झालेला असतो, आणि असाच कुत्रा एक दिवस गुरगुरल्याशिवाय चावतो. गुरगुरण्याबद्दल कधीही मारू नका. तो बिचारा सांगतोय की मला हे नको.

शब्द आत्ताच शिकवायला लागा, एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. खाऊचा तुकडा नाकाशी धरून हळूच डोक्यावरून मागे न्या, मान वर जाते, बूड खाली टेकतं. टेकलं की ‘बस’ म्हणा आणि द्या. घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. तुम्ही ‘बस’, मुलगा ‘सिट’ आणि आजोबा ‘खाली बैस’ म्हणाले तर ते कशाचंच ऐकणार नाही. सगळ्यात मोलाचा शब्द ‘ये’. ये म्हटल्यावर आलं की नेहमी काहीतरी चांगलंच घडलं पाहिजे. रागवायला, आंघोळ घालायला, बांधायला कधी ‘ये’ म्हणून बोलवू नका, त्यासाठी स्वतः उठून जा. रस्त्यावर पट्टा सुटला तर हाच एक शब्द त्याला गाडीखाली जाण्यापासून वाचवतो.

तुम्ही दोघं कामावर जाता, त्यामुळे एकटं राहणंही शिकवावं लागेल. सासरे आहेत म्हणून हे टाळू नका, ते गावी गेले की पंचाईत होईल. दार ओढून अर्धा मिनिट बाहेर थांबा, रडायच्या आत परत या, गाजावाजा न करता. मग एक मिनिट, मग तीन, मग दहा.

खाण्याचं थोडक्यात. भाकरी-दुधावर कुत्रं जगतं, पण वाढीच्या वयात त्याला अंडं, चिकन, मासे यांतली प्रथिनं लागतात, आणि गाईम्हशीचं दूध अनेक पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. तयार पिल्लांचं खाणं किंवा उकडलेलं चिकन, भात, लाल भोपळा आणि अंडं चालेल, पण घरचं देणार असाल तर प्रमाण आणि कॅल्शियम डॉक्टरांना विचारून ठरवा. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, मग दोनदा. कांदा-लसूण, चॉकलेट, शिजवलेली हाडं नकोत. आणि द्राक्षं, बेदाणे, मनुका अजिबात नकोत, त्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. आमच्या सांगली-तासगावकडे बेदाणे घराघरांत असतात, शिऱ्यातला एखादा बेदाणा प्रेमानं भरवणारे खूप जण आहेत, म्हणून मी हे भेटेल त्याला सांगते. ताप वाटला तर घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मनानं देऊ नका.

सहा-सात महिन्यांनी ते एकदम काही शिकलंच नाही असं वागेल. नाव घेतलं तरी बघणार नाही, पट्टा ओढेल. हे वयच तसं असतं. ओरडू नका, पुन्हा पहिल्या धड्यावर या आणि खाऊ जरा चांगला करा. याच सुमारास नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात, आणि पुढच्या तारखा डॉक्टर सांगतील तशा चुकू देऊ नका. खेळताना दात लागून रक्त आलं तरी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा, हे मुलाला नीट समजावून सांगा. एकदा लक्षणं दिसली की रेबीजवर इलाज नाही. महापालिकेचा परवानाही काढून ठेवा, सोसायटीत कुणी वाद घातला तर उपयोगी पडतो.

पहिली लस झाली नसेल तर उद्याच जा. पिल्लाला मांडीवर घेऊन बसा, टेबलावर किंवा जमिनीवर सोडू नका, आणि उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे खिशात ठेवा. सुई जाताना एक, निघताना एक, एक डॉक्टरांच्या हातून. चिमी आज मोठी बाई झालीय आणि दवाखान्याच्या पायऱ्या माझ्या आधी चढते.